वकील न लावता मुलांच्या ताब्याचा अर्ज: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: ताई, आमचा घटस्फोट तीन वर्षांपूर्वी म्युच्युअल कन्सेंटने झाला. तेव्हा मला नोकरी नव्हती, स्वतःची जागा नव्हती, म्हणून मुलगी वडिलांकडे राहील असं मीच लिहून दिलं. आता ती 9 वर्षांची आहे, माझी नोकरी पक्की झालीय, आणि तिचे वडील कामामुळे महिन्यातले बरेच दिवस बाहेरगावी असतात, तेव्हा ती कधी आत्याकडे तर कधी शेजाऱ्यांकडे असते. सगळे म्हणतात सही केलीस ना, आता काही होत नाही. वकील परवडत नाही. मी एकटीने अर्ज करू शकते का?

उत्तर: हो, करू शकता. आणि सही केली म्हणजे संपलं हे जे लोक सांगतायत ते साफ चुकीचं आहे, कृपया ते मनातून काढून टाका. ताब्याचा आदेश कायमचा नसतो. सुप्रीम कोर्टाने 1973 साली रोझी जेकब केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की परिस्थिती बदलली आणि मुलाच्या हितासाठी गरज पडली तर असा आदेश बदलता येतो, मग तो दोघांच्या संमतीने झालेला असला तरी. हिंदू विवाह कायद्याचं कलम 26 यासाठीच आहे, लग्न स्पेशल मॅरेज अॅक्टखाली झालं असेल तर कलम 38 बघा.

वकिलाचं म्हणाल तर 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 13 प्रमाणे फॅमिली कोर्टात वकील देणं हा हक्कच नाहीये, कोर्ट परवानगी देतं तेव्हा वकील उभा राहतो. म्हणजे तुम्ही स्वतः उभं राहणं हे तिथे नेहमीचंच आहे, त्यात कमीपणा वाटून घेऊ नका. जिल्ह्यात फॅमिली कोर्ट नसेल तर जिल्हा न्यायालयात जायचं, तिथेही स्वतःची बाजू स्वतः मांडता येते.

पहिलं काम म्हणजे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची आणि कन्सेंट टर्म्सची, म्हणजे तुम्ही दोघांनी सही केलेल्या अटींची, सर्टिफाईड नक्कल काढा. ज्या कोर्टाने तो आदेश दिला तिथेच कलम 26 खाली बदलाचा अर्ज करायचा, सोबत शपथपत्र. मुख्य अर्जाबरोबर एक वेगळा अंतरिम अर्जही द्या, कारण मुख्य अर्जाला वेळ लागतो आणि तोपर्यंत वडील बाहेरगावी असतील ते दिवस तरी मुलगी तुमच्याकडे राहावी एवढं त्यात मागता येतं. सगळ्या कागदांचे तीन सेट करा, कोर्टाचा एक, समोरच्याचा एक आणि एक तुमच्याजवळ.

आता अर्जात काय लिहायचं, इथेच बहुतेक लोक घसरतात. नवऱ्याने कसा त्रास दिला, सासरचे काय बोलले, लग्नात काय झालं, यावर पानंच्या पानं लिहितात आणि मुलीबद्दल शेवटी चार ओळी. ते लग्न संपलंय, कोर्टाला आता फक्त मुलीचं बघायचंय. तेव्हा तिचा दिवस लिहा. सकाळी तिला कोण उठवतं, शाळेत कोण सोडतं, अभ्यास कोण घेतं, ताप आला तर डॉक्टरकडे कोण नेतं, वडील नसतात तेव्हा ती रात्री कुठे झोपते. आणि मग आदेश झाला त्या दिवसानंतर नेमकं काय बदललं ते तारखांसकट. "वडील बेजबाबदार आहेत" हे वाक्य काही कामाचं नाही, "या या तारखांना वडील बाहेरगावी होते आणि मुलगी आत्याकडे राहिली, या वर्षी पालकसभेला मी गेले" हे कामाचं आहे. तुमचं नोकरीचं पत्र, घराचा भाडेकरार, शाळेचे आणि दवाखान्याचे कागद जोडा. फॅमिली कोर्ट त्याच कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 14 खाली पुराव्याच्या बाबतीत बरंच मोकळं असतं, तरी तुमच्याजवळ कागद हवाच. आणि वडिलांनी तिला कधी, किती भेटावं हेही स्वतःहूनच लिहा, शनिवार-रविवार, अर्धी सुट्टी, व्हिडिओ कॉल. तिला वडील हवेतच, आणि ते तुम्ही मानता हे कोर्टाला तुमच्याच अर्जातून दिसायला हवं.

नंतर समोरच्याला नोटीस जाईल, समुपदेशकाकडे दोघांना बसवतील. तिथे मन लावून बसा, कारण बऱ्याच केसेस तिथेच मिटतात आणि मुलीवरचा ताणही वाचतो. जज मुलीशी वेगळं बोलू शकतात, त्यासाठी ठरावीक वय नाही, समज बघतात. तिला काहीही पढवू नका. पढवलेलं लगेच कळतं, आणि आईबाबांपैकी एकाला निवडायचं ओझं 9 वर्षांच्या पोरीवर टाकणं हे फार वाईट आहे हो. आदेश होण्याआधी तिला परस्पर शाळेतून घेऊन येऊ नका, सगळा अर्ज तुमच्यावरच उलटेल. तारीख चुकवू नका, ई-कोर्ट्स अॅपवर सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या केसचा ओळख क्रमांक, टाकला की पुढची तारीख दिसते.

आणि एक, वकील परवडत नाही म्हणून एकटीनेच लढायला हवं असं अजिबात नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. साधा अर्ज तुम्ही स्वतः चालवू शकाल, पण समोरून गंभीर आरोप झाले किंवा उलटतपासणीची वेळ आली तर हा वकील जरूर घ्या.

प्रश्न: कोर्टाने मला दर रविवारी मुलाला भेटायची परवानगी दिलीय पण त्याची आई पाठवतच नाही, दर वेळी नवं कारण. मी पोटगी थांबवली तर चालेल का?

उत्तर: नाही दादा, थांबवू नका. पोटगी मुलाच्या पोटाची आहे आणि भेट हा वेगळा आदेश आहे, एक मोडला म्हणून दुसरा मोडता येत नाही, उलट थकबाकीची वसुली तुमच्यावरच येईल. प्रत्येक रविवारची नोंद ठेवा, किती वाजता गेलात, काय उत्तर मिळालं. मेसेज डिलीट करू नका, ते दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मग त्याच कोर्टात आदेशाच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त करा, आणि भेट नीट होण्यासाठी ठिकाण बदलून मागायचं असेल, म्हणजे समजा कोर्टातलंच मुलांना भेटायचं केंद्र, तर तेही मागा.

प्रश्न: मुलगा 4 वर्षांचा आहे. तो आईकडेच जाणार हे ठरलेलंच असतं का?

उत्तर: ठरलेलं नसतं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात 5 वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असं आहे, पण त्याच कायद्याचं कलम 13 मुलाचं हित सगळ्यात वर ठेवतं. आईकडे त्याची आबाळ होतेय हे तुम्ही कागदाने दाखवू शकलात तर कोर्ट वेगळा विचार करू शकतं. आबाळ होत नसेल तर आत्ता ताब्यापेक्षा भरपूर आणि नियमित भेटी मागा, या वयात मुलाला तुमची सवय राहणं जास्त गरजेचं आहे.