नातीला घसरगुंडीचा कंटाळा

प्रश्न : नात साडेचार वर्षांची आहे. सोसायटीच्या बागेत नेलं की दोनदा घसरगुंडी होते, मग ‘आजी, मोबाइल दे’ सुरू. झाडापानांचे खेळ शिकवावेत असं वाटतं, पण मला आठवतात ते फक्त सागरगोटे आणि बिट्ट्या.
– एक आजी, ठाणे

उत्तर : आजी, बिट्ट्या आधी बाद करा. पिवळ्या कण्हेरीचं ते फळ. बी, चीक सगळं विषारी. आपण खेळलो आणि निभावलं, एवढंच. सागरगोटे झेलायला तिचे हात अजून लहान आहेत. तोवर सागरगोटा फरशीवर घासून चटका द्यायचा. पहिला चटका स्वतःच्या हाताला.

सध्या भाद्रपद आहे, तेव्हा तेरडा गाठा. कुंडीत नसला तर येऊरच्या वाटेवर रस्त्याकडेला सापडेल. रंग तीनच दिवस म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, पण खरी गंमत बोंडात आहे. टम्म फुगलेलं, किंचित पिवळट पडलेलं लवदार बोंड तिला चिमटीत हलकेच दाबू द्या. फट्कन फुटतं, साली सुरळीसारख्या वळतात आणि बिया उडून जातात. पहिल्या वेळी बहुतेक मुलं दचकून हात मागे घेतात, मग ‘अजून, अजून’. कच्चं बोंड काही केल्या उडत नाही. त्यामुळे पिकलं कुठलं, हे मुलं आपणच हेरायला लागतात. माझ्या बालवाडीची पोरं तेरड्यापासून हलत नाहीत. उडालेल्या बिया वेचून ठेवल्यात तर पुढच्या पावसाळ्यात कुंडीत घरचा तेरडा.

आघाडा तर पत्रीत घरी येतोच. त्याचा वाळका तुरा गुपचूप दुसऱ्याच्या पाठीला चिकटवायचा. कळलं नाही तर त्याच्यावर राज्य. सुती फ्रॉकला छान चिकटतो.

एक मात्र करा. ‘हे कुठलं झाड? सांग बरं?’ अशी तोंडी परीक्षा घेऊ नका. तिनं विचारलं तर नाव सांगा. रुई-कण्हेरीला हात लावू द्यायचा नाही आणि घरी आल्यावर साबणानं हात धुवायचे, एवढी शिस्त पुरे.

मे महिन्यात गुलमोहर फुलला की कोंबड्यांची झुंज लावा. एका फुलात दहा पुंकेसर, म्हणजे दहा कोंबडे. दोघींनी एकेक घ्यायचा, टोकाची डोकी एकमेकांत अडकवून ओढायचं. ज्याचं डोकं तुटलं तो हरला. नात जिंकू लागली तर रडीचा डाव खेळू नका.