बी७ वरचा उंट

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी स्कोअरशीट समोर ठेवून डाव दोनदा पटावर मांडला. दहाव्या चालीपर्यंत मेरान बचाव, म्हणजे काळ्या मोहऱ्यांची तुझी नेहमीची सुरुवात, अगदी पुस्तकाबरहुकूम. अकराव्या चालीला समोरच्याने तुझ्या पाठांतराबाहेरचं काहीतरी केलं आणि तू वीस मिनिटं घालवून हत्ती नुसता इकडून तिकडे नेलास. सी६ चं प्यादं शेवटपर्यंत हललं नाही आणि त्याच्यामागे बी७ वरचा उंट कोंडून राहिला. डाव तिथंच गेला.

आता आनंदचा डाव लाव. नेदरलँड्समधली विक आन झेची स्पर्धा, जानेवारी २०१३, पांढरी मोहरी लेव्हॉन अरोनियनकडे. ओपनिंग तुझंच. बाराव्या चालीला अरोनियनचा घोडा एच७ वर डोळा ठेवून जी५ वर येतो. आनंद एच७ राखत बसत नाही, सी६ चं प्यादं सी५ वर ढकलतो. घोडा प्यादं मारतो, तरी आनंद त्याला हात लावत नाही. स्वतःचा घोडा जी४ वर नेतो. पंधराव्या चालीला उंट सी५ वर, प्याद्याच्या तोंडी. सोळाव्याला दुसरा घोडा ई५ वर, तो तर दोन प्याद्यांच्या तोंडी! तेविसाव्या चालीला उंट ई३ वर येतो आणि अरोनियन डाव सोडतो.

इथं थांब आणि नीट बघ. त्या उंटाने पांढऱ्या वजिराची एच३ वरची राखण तोडलीय. काळा वजीर एच३ चं प्यादं मारणार, आणि जी२ च्या प्याद्याला त्याला घेता येत नाही, कारण ते हललं की राजा बी७ च्या उंटाच्या माऱ्यात. दहाव्या चालीला तिथं बसलेला तो उंट पुढं एकदाही हललेला नाही. सी५ ने त्याची वाट मोकळी केली, एवढंच. बलिदानांपेक्षा मला या डावात तो उंटच जास्त आवडतो.

यातलं बरंच काही आनंदने घरीच शोधलेलं होतं, गेल्फंडविरुद्धच्या २०१२ च्या जगज्जेतेपद लढतीच्या तयारीत. तेव्हा पाठांतर सोड, असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक चालीपाशी कुठला उंट कुठं बघतोय, हे स्वतःला विचारत पाठ कर.

मग रुबिनस्टाइनचा १९०७ चा लोड्झमधला रोटलेवीविरुद्धचा डाव लाव. तिथंही असेच दोन उंट राजावर रोखलेले. आणि गंमत बघ, १९२४ साली इटलीतल्या मेरानच्या स्पर्धेत तुझा हा बचाव ग्रुनफेल्डविरुद्ध खेळला तोही रुबिनस्टाइनच. गावाचं नाव बचावाला चिकटलं ते तेव्हापासून.

रविवारी येताना दोन्ही डाव लाकडी पटावर खेळून ये, संगणकाचं इंजिन न लावता. आणि तुझ्या डावात सी५ कधी खेळता आलं असतं, ते वहीत लिहून आण. मला दोन जागा सापडल्यात.