1 लाख 92 हजार रनिंग झालेली स्कॉर्पिओ घ्यावी का?

तुम्ही घ्यायचा विचार करताय ती स्कॉर्पिओ 2015 ची, एस-10 मॉडेल, पुण्याचं पासिंग, पहिलाच मालक, रनिंग 1 लाख 92 हजार आणि सांगितलेली किंमत 5 लाख 20 हजार. तुम्ही साताऱ्यात, गाव कासच्या पुढे बामणोलीकडे. आईला घेऊन महिन्यातून काही फेऱ्या, सगळं मिळून महिन्याला सहाशे किलोमीटर. आणि मित्र म्हणतात, दोन लाख किलोमीटरला टेकलेली गाडी घेऊ नको.

रनिंगच्या आकड्यावरून मी तरी ही गाडी सोडणार नाही. दहा वर्षांत 1 लाख 92 हजार म्हणजे वर्षाला साधारण 19 हजार. हायवेला फिरणाऱ्याची डिझेल गाडी एवढी चालतेच. याच सालची गाडी कुणी 50 हजार रनिंगची म्हणून दाखवली असती, तर मीटर मागे घेतलाय का हे बघायला मी आधी सांगितलं असतं.

तुमचं पुढचं रनिंग किती, हा हिशोब मला जास्त महत्त्वाचा वाटतो. महिन्याला 600 म्हणजे वर्षाला 7,200. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, म्हणजे हिची 2030 पर्यंत. तोवर तुम्ही जेमतेम 36 हजार किलोमीटर घालाल आणि गाडी 2 लाख 28 हजारांवर जाईल. ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असेल तर हिचं एमहॉक डिझेल इंजिन एवढं सहज काढतं. शिवाय ही बीएस-4 म्हणजे जुन्या प्रदूषण नियमांची गाडी, तिला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही. जवळच्या फेऱ्या मारून तो चोंदण्याची नव्या डिझेल गाड्यांची कटकट इथे नाही. महिन्याला तीन हजार चालवणाऱ्याने हाच प्रश्न विचारला असता तर मी नको म्हणालो असतो.

पण पैसे इंजिनापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या सामानात जातात, आणि ते मी भोगलंय. 2019 मध्ये मी 1 लाख 62 हजार रनिंगची एक सात सीटर डिझेल घेतली. इंजिनाला आजवर हात लावावा लागला नाही. तरी पहिल्या वर्षात क्लचला 21 हजार, टर्बोच्या दुरुस्तीला 18, खालचे आर्म, बॉल जॉइंट आणि बुश यांना 16, रेडिएटरला 8 आणि चार टायरना 28 असे 91 हजार गेले. यातला कुठलाही भाग त्या रनिंगला बदलायला येऊ शकतो. मी तो खर्च किमतीत धरला नव्हता, त्यामुळे ते वर्ष मला फार जड गेलं. तुम्ही तो आत्ताच धरा. गाडीचे पैसे देऊन झाल्यावर लाखभर रुपये बाजूला राहत नसतील तर ही गाडी घेऊ नका, कितीही चांगली निघाली तरी.

बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर बॉनेटखाली हात लावून इंजिन गार आहे ना ते बघा. गरम इंजिन पुष्कळ दोष लपवतं. गार इंजिन एका सेल्फमध्ये चालू झालं पाहिजे. निळसर धूर येऊन तो येतच राहिला तर ऑइल जळतंय. मग चालू इंजिनावर ऑइल भरायचं झाकण उघडा. थोडी वाफ चालते, पण इंजिन तिथून फसफस धूर फेकत असेल तर रिंगपिस्टनचं काम जवळ आलंय असं समजा आणि तिथूनच परत फिरा.

चाचणी मात्र यवतेश्वर घाटातच घ्या, पोवई नाक्याला चक्कर मारून काही कळत नाही. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये जोरात अ‍ॅक्सिलरेटर द्या. इंजिनाचा आवाज वाढला आणि गाडी तेवढी ओढत नसेल तर क्लच संपलाय. उतरताना खडबडीत रस्त्यावर काच खाली करून खालचे आवाज ऐका. खटखट म्हणजे बुश, लिंक रॉड. ते होण्यासारखं काम आहे. चेसिसवर वेल्डिंग किंवा पापुद्रे सुटलेला गंज दिसला तर ते होण्यासारखं नाही. सोबत ओळखीचा फिटर न्या, एजंटाने सुचवलेला नको. त्याची दिवसाची मजुरी देऊन टाका.

सर्व्हिसची बिलं मागा आणि त्यावरची तारीख आणि किलोमीटर ओळीने लावून बघा. अधूनमधून मोठी फट दिसली तर कारण विचारा. चालू विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती आहे तेही पाहा. 50 टक्के असेल तर बहुधा पाच वर्षांत क्लेम झालेला नाही. शून्य असेल तर गाडी कुठे ठोकली होती हे विचारायला हवं. तो बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही, म्हणून तुमचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त येईल. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या त्याच दिवशी, आणि ई-चलन बाकी आहे का ते परिवहनच्या अ‍ॅपवर तिथेच बसून बघा. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची आहे, तेव्हा एचएसआरपी, म्हणजे जुन्या गाड्यांनाही सक्तीची केलेली हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसवलीय का तेही पाहून घ्या.

किमतीचं म्हणाल तर बिलं सलग असतील, इंजिन कोरडं असेल म्हणजे कुठे ऑइल गळत नसेल आणि 4 लाख 60 हजारांच्या आसपास तुटत असेल तर मी घेईन. क्लच आणि टायर बदलायला आलेले असतील तर तेवढे त्यातूनही वजा करायला लावा. 5 लाख 20 हजारांवरच अडून बसला तर सोडा, अशा गाड्या पुण्यात पुष्कळ आहेत.

आणि टोकन देण्याआधी आईला एकदा या गाडीत चढवून-उतरवून बघा. स्कॉर्पिओची पायरी उंच आहे आणि तुम्ही लिहिलंय की त्यांचे गुडघे दुखतात. फूटस्टेप आणि खांबाचा हँडल धरून त्यांना न कण्हता चढता आलं, तर पुढची बोलणी करा.