शुगर वाढली आणि हातपाय नाचायला लागले, मेंदूत रक्तस्राव तर नाही ना?

प्रश्न: डॉक्टर, आई ७२ वर्षांची, डायबेटिस जुना पण गोळ्यांचा नेम नाही. गेल्या आठवड्यात डावा हात आणि पाय आपोआप उडायला लागले, हातातला कपसुद्धा धरवेना, झोप लागली की मात्र सगळं शांत. शुगर ४८० निघाली. सीटीत उजवीकडे पांढरं दिसलं म्हणून आधी ब्लीडिंग म्हणाले, एमआरआय झाल्यावर म्हणतात ब्लीडिंग नाही, शुगरमुळे आहे. खरं कुणाचं धरायचं?

उत्तर: एमआरआयचं धरा. सीटीवाल्यांनाही बोल लावू नका, ताजं रक्त सीटीवर पांढरंच दिसतं त्यामुळे पहिली शंका तीच येते. पण रक्ताची गाठ कशीही पसरते, आजूबाजूला सूज आणते, मेंदू ढकलते. इथे तसं काही नसतं, पुटामेन आणि कॉडेट हे खोलवरचे भाग आखलेल्या चित्रात रंग भरावा तसे आपापल्या कडेतच पांढरे होतात आणि त्यांच्यामधली इंटर्नल कॅप्सूलची पट्टी बहुतेक वेळा स्वच्छ राहते. रिपोर्टमध्ये 'टी वन हायपरइंटेन्स' (म्हणजे एमआरआयच्या 'टी वन' प्रकारच्या चित्रात पांढरं) लिहिलंय का बघा, हीच या आजाराची मोठी खूण, 'टी टू' प्रकारच्या चित्रात मात्र कधी काळं, कधी पांढरं, कधी नॉर्मल, त्यावर डोकं खपवू नका. उजवा मेंदू डावं अंग चालवतो म्हणून बाजू उलटी, काहींना दोन्हीकडे होतं. सुरुवातीला सीटी नॉर्मल आणि एमआरआयमध्ये दोष असंही होतं. हा पांढरेपणा नेमका कशाचा यावर तज्ज्ञांचं अजून एकमत नाही, कुणी बारीक रक्तबिंदू म्हणतं, कुणी फुगलेल्या आधारपेशी.

मुख्य औषध म्हणजे शुगर ताब्यात आणणं, लागलं तर इन्सुलिन, शिवाय सलाइन. तरी हालचाल थांबली नाही तर हॅलोपेरिडॉल किंवा टेट्राबेनाझिन देतात, त्याने अंग कडक झालं किंवा फार सुस्ती आली तर लगेच कळवा. बहुतेकांना काही दिवसांत ते काही आठवड्यांत आराम पडतो पण स्कॅनवरचा डाग महिनोन्महिने राहू शकतो, म्हणून आई बरी होत असताना डाग गेला का बघायला दर महिन्याला एमआरआय करत बसू नका (खर्च आणि धास्ती दोन्ही फुकट). तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हातातली ताकदच गेली तर मात्र 'हे शुगरचंच असेल' म्हणून घरी थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सी गाठायची.