‘ठाव न्हाई’ म्हणजे नेमकं काय नाही?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं आहे: नववीची मुलं प्रदर्शनासाठी समुद्रातल्या कवचधारी प्राण्यांचा तक्ता करताहेत. त्यात अँफिओनिडीस नावाचा एक इंचभर जीव आहे. जुन्या पुस्तकात त्याचा गण, म्हणजे वर्गीकरणातली एक पायरी, वेगळा, नव्यात वेगळा. वर्गीकरणात जागा नक्की नसली की ‘इन्सर्टी सेडिस’ लिहितात, त्याला मराठीत काय म्हणायचं? एक मुलगा म्हणाला ‘संशयित’, एक मुलगी म्हणाली ‘वादग्रस्त’, बाईंनी स्वतः ‘संदिग्ध’ सुचवलं. शाळेतल्या मावशी म्हणाल्या, “ठाव न्हाई म्हणून ल्ह्या की!” आणि मुलं हसली.

मुलांना सांगा, मावशींचा शब्द सगळ्यांत जवळचा आहे.

लॅटिनमध्ये ‘सेडिस’ म्हणजे बसायची जागा. संस्कृतातल्या ‘सद्’ धातूचं, म्हणजे आपल्या ‘सदन’ शब्दाचं हे नात्यातलंच रूप. ‘इन्सर्टी सेडिस’ म्हणजे जागा ठरलेली नाही असा. आता ‘ठाव’ पाहा. ‘ठावठिकाणा’ म्हणतो तेव्हा ठाव म्हणजे जागा. मलप्रभेच्या डोहाचा ठाव लागत नाही म्हणतो तेव्हा ठाव म्हणजे तळ. आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या खेड्यांत ‘मला ठाव न्हाई’ म्हणतात तेव्हा ठाव म्हणजे माहिती. पुस्तकी मराठीतलं ‘ठाऊक’ त्याच घरातलं. जागा, तळ आणि ज्ञान, तिन्ही एका शब्दात. एखादी गोष्ट आपल्याला कळली म्हणजे तिची जागा आपल्याला सापडली, असा विचार या शब्दाच्या पोटात आहे. वर्गीकरणाचं शास्त्र तरी दुसरं काय करतं?

कन्नडचा शेजार असल्यामुळे मला इथे आणखी एक गोष्ट दिसते. ‘गोत्तिल्ल’ म्हणजे ठाऊक नाही, हे आपल्याकडे कन्नड न येणाऱ्यालाही समजतं. पण त्याच ‘गोत्तु’पासून ‘गोत्तुपडिसु’ होतं, त्याचा अर्थ ठरवणं, नेमणं. म्हणजे ‘माहीत असणं’ आणि ‘ठरलेलं असणं’ यांची गाठ तिथेही एकाच शब्दात बसली आहे. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा एकाच गोष्टीकडे इतक्या सारख्या नजरेनं पाहतात, याचा मला फार आनंद होतो.

आता मुलांचे शब्द. ‘संशयित’ नको. मुळात संशयाशी त्याचं नातं चांगलं आहे, पण वर्तमानपत्रांनी तो पोलिसांच्या ताब्यात दिला आहे. वाचणाऱ्याला त्या बिचाऱ्या जिवानं काहीतरी केलं असं वाटेल. ‘वादग्रस्त’ हा शब्द आपल्या सीमाभागातल्या मुलांच्या कानावर लहानपणापासून पडतो, त्यामुळे मुलीला तो सुचणं अगदी साहजिक आहे. पण वाद व्हायला निदान दोन दावेदार लागतात. स्थान न ठरलेल्या प्राण्यावर पुष्कळदा कोणाचाच दावा नसतो, पुरावाच अपुरा असतो. दोन तज्ज्ञांनी एकच जाती दोन वेगळ्या कुलांत (कुल ही गणाखालची पायरी) घातली असेल, तर तिथे ‘वादग्रस्त’ जरूर वापरा.

‘संदिग्ध’ला वेगळं काम आहे, म्हणून तो राखून ठेवावा असं माझं मत आहे. त्याच्या मुळाशी ‘दिह्’ धातू, अर्थ लेप देणं, माखणं. संदिग्ध म्हणजे माखल्यामुळे कडा दिसेनाशा झालेलं. शास्त्रात कधी जुनं नाव असतं, पण वर्णन इतकं तोकडं आणि मूळ नमुना इतका खराब किंवा हरवलेला, की ते नाव कोणत्या प्राण्याचं हे सांगता येत नाही. त्याला ‘नोमेन ड्युबियम’ म्हणतात. तिथे शंका प्राण्याच्या जागेची नसून नावाच्या अर्थाची असते. ते ‘संदिग्ध नाव’.

तेव्हा तक्त्यावर ‘स्थान अनिश्चित’ लिहा. मात्र कुठपर्यंत निश्चित आहे तेही लिहायला हवं. नुसतं ‘अनिश्चित’ म्हटलं की सगळंच अंधारात आहे असं वाटतं. संघ, वर्ग, गण ठरलेला असतो आणि फक्त कुल अडलेलं असतं, असं नेहमी घडतं. ‘गण दशपाद, कुल अनिश्चित’ हे प्रामाणिक आणि पुरेसं वाक्य आहे. (दशपाद म्हणजे दहा पायांचे, खेकडा-कोळंबीचा गण.)

आणि अँफिओनिडीससमोर मात्र यातलं काहीच लिहू नका! त्याची कहाणी उलटी आहे. 1830 च्या दशकात फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ मिल्न-एडवर्ड्स यांनी त्याचं वर्णन केलं. 1973 मध्ये तो इतका आगळा वाटला, की या एकाच जातीसाठी अँफिओनिडेसिया हा स्वतंत्र गण केला गेला. म्हणजे तेव्हा त्याचं स्थान अनिश्चित नव्हतं. उलट अख्खा वाडा त्याच्या एकट्याच्या नावावर होता. 2015 मध्ये डीएनए तपासला, तेव्हा कळलं की हा प्रौढ प्राणी नव्हेच. करिडिया गटातल्या कोळंबीचं ते डिंभ, म्हणजे पिल्लावस्था. गण मोडीत निघाला. त्याच्यापुढे ‘पूर्वी स्वतंत्र गण, आता दशपाद गणात’ असं लिहा.

असं आधीही झालं आहे. 1828 मध्ये वर्णन झालेला, शिंगंकाटे असलेला सेराटॅस्पिस हा जीव मोठ्या माशांच्या पोटात सापडायचा. तो एका खोल समुद्रातल्या कोळंबीचं पिल्लू आहे हे 2012 मध्ये सिद्ध झालं, तोवर 184 वर्षं गेली होती. पिल्लू आणि आई यांचं रूप इतकं वेगळं, की दोघांना दोन नावं पडली होती.

आपल्याकडे आठवडी बाजारात कोकणातून आलेली सुकट घेताना ‘जवळा म्हणजे कोळंबीचं पिल्लू’ असं सर्रास ऐकू येतं. तिथे चूक नेमकी उलट दिशेची. जवळा पूर्ण वाढलेलाच असतो, जातच लहान. तो दशपाद गणात मोडतो, पण चालायच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्या त्याला नसतात. मुलांना वाळका जवळा कोमट पाण्यात भिजवून भिंगाखाली पाहू दे. प्रदर्शनात तोही ठेवा, समुद्र पाहिलेला नसला तरी हा प्राणी त्यांच्या घरात आहे.

तक्त्याला खरोखर ठाव न लागलेलं काही हवं असेल तर ‘वाय-डिंभ’ घ्या. हे सूक्ष्म जीव 19 व्या शतकाच्या अखेरीपासून माहीत आहेत, बार्नॅकलांच्या, म्हणजे खडकांना चिकटून राहणाऱ्या कवचधारी जिवांच्या, नात्यातले आहेत हेही ठरलं आहे. पण त्यांचं प्रौढ रूप कोणी पाहिलेलं नाही. 2008 मध्ये त्यांना कात टाकायला लावणारं संप्रेरक दिलं, तेव्हा आतून गोगलगाईसारखा मऊ, बिनपायांचा जीव बाहेर आला. त्यावरून ते मोठेपणी परजीवी होत असावेत असा अंदाज आहे. त्यांच्यापुढे ‘प्रौढ रूप अज्ञात’ लिहा, त्याखाली मावशींचं ‘ठाव न्हाई’, आणि कन्नड वाचणाऱ्या पाहुण्यांसाठी ‘गोत्तिल्ल’.