वाचकांचे प्रश्न : नोंद कोणत्या क्षणी तयार व्हावी?

प्रश्न : आमच्या फॉर्म सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'नवीन' दाबले की लगेच टेबलमध्ये ओळ तयार होते आणि अर्ज क्रमांक पडद्यावर येतो. त्यामुळे रिकाम्या नोंदी साचतात. शिवाय दोन ऑपरेटर एकाच वेळी काम करत असले की अधूनमधून दोघांना एकच क्रमांक मिळतो. काय बदलावे?

उत्तर : 'नवीन' दाबल्यावर फक्त कोरा फॉर्म उघडू द्या, डेटाबेसला हात लावू नका. ओळ तयार व्हावी ती 'जतन करा' दाबल्यावर, सगळ्या तपासण्या पार पडल्या की. रिकाम्या नोंदी तिथेच थांबतील.

क्रमांकाचा घोळ मात्र वेगळा आहे. तुमचा प्रोग्राम बहुधा टेबलमधला सर्वांत मोठा क्रमांक वाचून त्यात १ मिळवत असावा. शेवटचा क्रमांक ४१७ असताना दोघांनी तो एकाच वेळी वाचला, तर दोघांनाही ४१८ मिळणार. त्या रकान्यावर युनिक इंडेक्स (तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणारा डेटाबेसचा नियम) नसेल तर दोन्ही नोंदी बिनबोभाट आत जातात, आणि चूक लक्षात येईपर्यंत पावत्याही छापून झालेल्या असतात. युनिक इंडेक्स आजच लावा. दुसऱ्या ऑपरेटरला एरर दिसेल, पण चुकीची नोंद बसण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

यापुढे दोन क्रमांक वेगळे ठेवा. एक आतला, डेटाबेसने आपोआप दिलेला. नोंदी एकमेकींना जोडायच्या त्या याच क्रमांकाने, आणि तो कधी बदलायचा नाही. दुसरा लोकांना दिसणारा अर्ज क्रमांक. आपोआप चढणाऱ्या क्रमांकांत खंड पडतोच, कारण ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणाऱ्या किंवा एकत्र रद्द होणाऱ्या बदलांचा गट) मागे फिरले तरी एकदा दिलेला क्रमांक परत येत नाही. बहुतेक ठिकाणी खंड चालतो. तो हट्टाने टाळू नये, असे आम्हाला वाटते. हिशेबासाठी सलग क्रमांक लागतच असतील, तर एका ओळीचे गणक-टेबल करा, त्यात फक्त शेवटचा दिलेला क्रमांक ठेवा. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी गणक १ ने वाढवा, मग तो क्रमांक घेऊन नोंद घाला. पहिल्याचे काम पूर्ण होईपर्यंत ती ओळ कुलूपबंद राहते आणि दुसरा थांबतो. काही बिघडले तर गणकही मागे येतो. सगळे त्या एका ओळीपाशी रांगेत उभे राहतात, म्हणून फाइल अपलोड करणे, ईमेल पाठवणे अशी वेळखाऊ कामे या ट्रान्झॅक्शनबाहेर ठेवा. आणि नोंद चुकली तर ती पुसू नका, 'रद्द' अशी स्थिती द्या. पुसली की सलगपणा गेलाच.

फॉर्म लांबलचक असेल तर अर्धवट मजकूर ड्राफ्टच्या वेगळ्या टेबलमध्ये ठेवा. तिथे कोणताही रकाना सक्तीचा नको आणि अर्ज क्रमांकही नको.

प्रश्न : नेट संथ असले की लोक 'जतन करा' दोनदा दाबतात आणि नोंद दोनदा पडते. पहिल्या क्लिकनंतर बटण बंद केले, तरीही हे होते.

उत्तर : बटण बंद करणे चांगलेच, पण पुरेसे नाही. नोंद सर्व्हरवर पोचते, उत्तर मात्र वाटेत हरवते. वापरणाऱ्याला काहीच झालेले दिसत नाही, मग तो पान ताजे करतो किंवा पुन्हा पाठवतो. यासाठी फॉर्म उघडतानाच त्याला एक यूयूआयडी द्या (१२८ बिटांची ओळख, लिहिताना ३६ चिन्हे). ती नोंदीसोबत साठवा आणि तिच्यावरही युनिक इंडेक्स लावा. तीच ओळख पुन्हा आली तर सर्व्हरने एरर दाखवू नये, आधीच जतन झालेली नोंद परत द्यावी. जतन झाल्यावर एचटीटीपी ३०३ ने (ब्राउझरला दुसऱ्या पानावर जायला सांगणारे सर्व्हरचे उत्तर) नोंदीच्या पानावर पाठवा, म्हणजे पान ताजे केले तरी फॉर्म पुन्हा जाणार नाही.

एकच माणूस दोनदा नोंदवला जाणे ही याहून निराळी अडचण. तिथे फोन क्रमांक जुळवण्याआधी मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढा, देवनागरी व इंग्रजी अंक एकाच रूपात आणा. एरवी दिसायला सारखा असलेला क्रमांक यंत्राला वेगळा वाटतो.

प्रश्न : एकापाठोपाठ ५०–६० फॉर्म भरायचे असतात. वेग कसा वाढवावा?

उत्तर : 'जतन करून पुढची' असे वेगळे बटण द्या आणि कर्सर पहिल्या रिकाम्या रकान्यात ठेवा. तारीख, विभाग अशी गठ्ठ्यात सारखीच राहणारी माहिती मागच्या नोंदीवरून येऊ द्या, पण ती वेगळ्या रंगात दाखवा. नाव, रक्कम आणि संमतीची खूण मात्र कधीही आपोआप पुढे आणू नका.