‘माउस एन्टर’ आणि ‘माउस लीव्ह’: प्रवेश, शिरणे की हद्दीत येणे?

डिचोलीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, उच्च माध्यमिकच्या मुलांना पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील टीके-इंटर (पडद्यावर खिडक्या, बटणे मांडण्याचा साधनसंच) मराठीतून शिकवताना ‘एन्टर’ आणि ‘लीव्ह’ या दोन घटनांना काय म्हणावे. त्या सध्या फळ्यावर ‘माउस-प्रवेश’ आणि ‘माउस-निर्गमन’ असे लिहितात, परंतु हे शब्द मुलांच्या तोंडी रुळत नाहीत. माझ्या मते मुलांचा कान बरोबर आहे आणि अडचण शब्द जड असण्यापुरती नाही. हे शब्द त्या घटनेचे वर्णनच नीट करत नाहीत.

आधी घटना पाहू. पडद्यावरचे प्रत्येक बटण, प्रत्येक चौकट ही यंत्रणेच्या दृष्टीने एक आखलेला प्रदेश असते. पॉइंटर, म्हणजे माउसने हलणारा पडद्यावरचा बाण, त्या प्रदेशात आला की यंत्रणा प्रोग्रामला एक निरोप देते आणि तेथून गेला की दुसरा. बटणाचा रंग बदलणे, माहितीची छोटी पट्टी उमटणे, ही कामे या दोन निरोपांवर चालतात. येतो आणि जातो तो पॉइंटर. माउस टेबलावरच असतो. बोलताना ‘माउस बटणावर आला’ असे सगळेच म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही, पण लिहिताना पॉइंटर म्हणावे आणि ‘कर्सर’ हा शब्द मजकुरात लुकलुकणाऱ्या रेघेसाठी राखून ठेवावा.

‘प्रवेश’ हा शब्द गोव्यात परका नाही. जत्रेच्या नाटकांवर वाढलेल्या आपल्या गावांत दुसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश म्हणजे काय ते शाळकरी पोरालाही कळते, आणि संस्कृत नाटकांतल्या ‘प्रविशति’ आणि ‘निष्क्रान्तः’ या रंगसूचना तर या जोडीच्या थेट पूर्वज शोभतात. मात्र आजच्या मराठीत ‘प्रवेश’ला परवानगीचा वास आहे: कॉलेजचा प्रवेश, प्रवेशपत्र, प्रवेश निषिद्ध. पॉइंटर कोणाची परवानगी मागत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की, ‘प्रवेश’ म्हटले की मुलांच्या मनात ‘एन्टर’ उभे राहते आणि ‘एन्टर’ म्हटले की कळफलकावरची कळ. टीके-इंटरमध्ये कोनी कंसात ‘एन्टर’ लिहिले तर त्याचा अर्थ पॉइंटर आत आला असा होतो. कळेसाठी तेथे ‘रिटर्न’ लिहावे लागते. एका विद्यार्थ्याच्या शेजारी बसून मी हे पाहिले आहे. त्याने नाव लिहिण्याची चौकट केली होती आणि कळ दाबल्यावर ‘नमस्कार’ उमटावा अशी त्याची इच्छा होती. पण नाव लिहिण्यासाठी त्याने माउस चौकटीकडे नेला की एक अक्षरही टंकण्यापूर्वी नमस्कार हजर. अर्धा तास तो कळफलक बिघडला असे समजत होता. त्याच्या वहीत ‘पॉइंटर आत येणे’ असे लिहिलेले असते तर तो अर्धा तास वाचला असता.

‘लीव्ह’साठी काही जण ‘सोडणे’ वापरतात. ते टाळावे, कारण माउसच्या बाबतीत दाबणे आणि सोडणे ही जोडी बटणाच्या क्रियेने आधीच अडवली आहे. ‘माउस सोडताच’ हे वाक्य वाचून कोणीही बोट उचलल्याचाच अर्थ घेईल.

मग ‘शिरणे’ का नको? हा शब्द मला फार आवडतो. त्याच अर्थाचा ‘रिगणे’ जुन्या मराठीत होता आणि आपल्या शेजारी कोंकणीत ‘रिगप’ म्हणून तो आजही रोजच्या वापरात आहे. तोच घ्यावा असेही क्षणभर वाटले होते, पण घाटावरच्या वाचकाला तो समजावून सांगावा लागेल. शिवाय शिरणे काय किंवा रिगणे काय, दोन्ही क्रियापदांत कर्त्याची हालचाल गृहीत आहे. मिरामारच्या वाळूत तुम्ही स्तब्ध उभे आहात आणि भरती चढत आली, तर ‘मी पाण्यात शिरलो’ असे तुम्ही म्हणणार नाही. ‘पाय पाण्यात आले’ असे म्हणाल. खिडक्यांच्या बाबतीत अगदी हेच घडते. एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या, पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या एक्स विंडो प्रणालीचा नियम असा आहे की, पॉइंटर हलला म्हणून, किंवा खिडक्यांची मांडणी बदलली म्हणून, पॉइंटर पूर्वीपेक्षा वेगळ्या खिडकीत आढळला तर ‘एन्टर’चा निरोप पाठवायचा. हात माउसला लागलेलाही नसतो, नवी खिडकी पॉइंटरखाली उघडते आणि निरोप येतो. ‘शिरला’ म्हणणे तेथे खोटे ठरते, ‘आला’ म्हणणे खरे राहते. म्हणून मी ‘हद्दीत येणे’ आणि ‘हद्दीबाहेर जाणे’ ही जोडी सुचवतो. गावाची हद्द, शेताची हद्द आपल्याला ठाऊक आहे, आणि हद्द सरकूही शकते हे त्या शब्दाला मान्य आहे.

या जोडीची कसोटी लागते ती खिडकीत खिडकी असते तेव्हा. अशा आतल्या खिडकीला ‘बाल-खिडकी’ म्हणण्यापेक्षा पोटकलम, पोटभाडेकरू यांच्या धर्तीवर ‘पोटखिडकी’ म्हणावे. आता देवळाचे उदाहरण घेऊ. सभामंडपातून गर्भकुडीकडे गेलेला माणूस सभामंडपात नसतो, पण तो देवळाबाहेर गेला असे कोणी म्हणत नाही. ब्राउझरमध्ये ‘माउसआउट’ ही घटना मात्र तसे म्हणते: पॉइंटर मोठ्या चौकटीवरून तिच्या पोटातल्या बटणावर गेला तरी ती मोठ्या चौकटीला कळवली जाते. ‘माउसलीव्ह’ देवळाचा न्याय पाळते आणि पोटातल्या वस्तूंसह पूर्ण प्रदेश सुटल्याशिवाय बोलत नाही. म्हणून ‘माउसओव्हर’ आणि ‘माउसआउट’ या जोडीसाठी ‘वर येणे’ आणि ‘वरून हटणे’ वापरावे. ‘हद्द’ हा शब्द फक्त ‘एन्टर’ आणि ‘लीव्ह’ला द्यावा. शिक्षिकाबाईंनी एक सावधगिरी बाळगावी: टीके-इंटरचे ‘लीव्ह’ एक्सच्या परंपरेतले असल्यामुळे पोटखिडकीत गेल्यावरही येते, फक्त सोबत ‘इन्फीरियर’ असा तपशील असतो. तेथे ‘पोटखिडकीत गेला’ असे मुलांना स्पष्ट सांगावे.

‘होव्हर’साठी रूढ होऊ पाहणारे ‘तरंगणे’ मला पटत नाही. विंडोजमध्ये त्या नावाचा निरोप हवा असल्यास तो आधी मागून ठेवावा लागतो आणि पॉइंटर एका लहानशा चौकोनात ठरावीक वेळ, सहसा ४०० मिलिसेकंद, टिकून राहिला तरच तो मिळतो. याला मराठीत ‘थबकणे’ म्हणतात.

राहिला प्रश्न रूपाचा. इंग्रजीतली ही नावे पाहून आपण नामे घडवायला बसतो, तेथेच मराठी अवघडते. घटनेला जोडलेले काम सांगण्यासाठी आपल्याकडे ‘-ताच’ हे तयार रूप आहे. ‘आल्यावर’ म्हटले की केव्हाही चालते, ‘येताच’ म्हटले की तोच क्षण. आत असण्याची अवस्था सांगायची असेल तर ‘असेपर्यंत’ आहेच. फळ्यावर मी असे लिहीन: ‘पॉइंटर बटणाच्या हद्दीत येताच रंग पिवळा कर, हद्दीबाहेर जाताच पूर्वीचा कर.’ त्याखाली इंग्रजी नावे देवनागरीत, प्रोग्राममध्ये टंकायची आज्ञा म्हणून, वेगळ्या खडूने.